शुक्रवारी रात्री घरी पोहोचणारा राग

समुपदेशनासाठी येणारी नोकरदार मंडळी बहुधा एकच तक्रार निरनिराळ्या शब्दांत मांडतात. कार्यालयात ज्यांच्यावर रागावता आले नाही त्यांचा राग आठवड्याच्या शेवटी घरच्यांवर निघतो, सुट्टीचे दिवस पश्चात्तापात आणि अबोल्यात जातात, सोमवारी पुन्हा तेच चक्र सुरू होते. तर घरी येताना हे सगळे मागे कसे ठेवावे? मानसशास्त्रात याला भावनेचे विस्थापन म्हणतात, पण आपल्या भाषेने ‘वड्याचे तेल वांग्यावर’ असे म्हणून ते केव्हाच ओळखून ठेवले आहे. या प्रश्नाला उत्तर म्हणून रत्नागिरीतील एका कुटुंबाबरोबर केलेले काम सांगते. त्यांची संमती घेतली आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि नावे मुद्दामच दिलेली नाहीत. या कामात माझा पहिला सल्ला चुकला होता, तेही ओघाने येईल.

गृहस्थ चाळिशीचे, एका बँकेच्या दापोली तालुक्यातील शाखेत अधिकारी. पत्नी रत्नागिरीजवळच्या एका जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका, मुलगी आठवीत, घरात त्यांच्या आई. बदली झाल्यापासून ते दापोलीत खोली घेऊन राहत होते आणि आठवड्याअखेरीस घरी येत होते. बँकांना 1 सप्टेंबर 2015 पासून दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सुट्टी असते आणि बाकीचे शनिवार पूर्ण कामाचे असतात, त्यामुळे त्यांचे घरी येणेही एकाआड एक असे दोन तऱ्हांचे होते. एका आठवड्यात ते शुक्रवारी रात्री पोहोचत आणि दोन दिवस राहत; पुढच्या आठवड्यात शनिवारी रात्री पोहोचत आणि जेमतेम एक रविवार त्यांच्या हाती लागे. दोन्ही वेळा प्रवास तोच, खेड, लोटे, चिपळूण, संगमेश्वर, हातखंबा असा दीडशे किलोमीटरांच्या आसपासचा. महामार्गाच्या रखडलेल्या कामामुळे एस.टी. कधी पाच तासांत पोहोचे, तर कधी सहा तासांतही नाही.

जानेवारीतल्या दुसऱ्या शनिवारी दुपारी, बाईंची सकाळची शाळा सुटल्यावर, ते दोघे मिळून आले. निमित्त आदल्या रात्रीचेच होते. साडेअकराला ते घरी पोहोचले, बाईंनी कुळथाचे पिठले गरम केले, पण भात गरम करायचा राहिला. त्यांनी ताट पुढे सारले आणि म्हणाले, “आठवड्यातून एकदा माणूस घरी येतो, त्याला गरम भातसुद्धा मिळू नये?” बाई काही बोलल्या नाहीत. बाबांना दाखवायची म्हणून चित्रकलेची वही घेऊन जागी राहिलेली मुलगी वही मिटून आत गेली. सकाळी आईंनी सुनेला बाजूला घेऊन सांगितले, “तो असा आहे तोवर त्याला काही बोलू नकोस.” पतीला सर्वांत लागले होते ते हे शेवटचे वाक्य, कारण ते त्यांच्या कानावर पडले होते. “मॅडम, शाखेत मी चढ्या आवाजात एक शब्द बोलत नाही. गिऱ्हाईक टेबलावर पासबुक आपटतं, वरिष्ठ सगळ्यांसमोर आकडा विचारतात, मी ‘हो सर’ म्हणतो. आणि माझ्या घरात माझी आई माझ्यापासून बायकोला सांभाळते.”

अशा वेळी मी पती-पत्नीशी थोडा वेळ स्वतंत्रपणे बोलते, आणि पत्नीला स्पष्ट विचारते की अंगावर हात टाकणे, वस्तू फेकणे, कोंडून ठेवणे असे काही घडते का. इथे तसे काही नव्हते. दारू नव्हती, झोप बरी होती, जगण्याचा कंटाळा आल्याची भाषा नव्हती. यांपैकी काही आढळले असते, तर नुसत्या समुपदेशनावर न थांबता मी मानसोपचारतज्ज्ञांकडे जाण्याचा आग्रह धरला असता. राज्यातील चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक रत्नागिरीतच आहे, आणि त्याचे नाव आमच्याकडे थट्टेत घेतले जात असल्यामुळे गरज असणारी माणसेही त्या फाटकातून आत जायला बिचकतात. त्यांना मी निदान 14416 हा टेलिमानसचा क्रमांक देते. केंद्र सरकारने ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू केलेली ही दूरध्वनी सेवा विनामूल्य आहे आणि तिच्यावर मराठीत बोलता येते.

एकट्याने बोलताना बाई जे म्हणाल्या ते मी त्याच दिवशी टिपून ठेवले. “ते येणार म्हणून शुक्रवारी आम्ही घर आवरत नाही, मॅडम, आम्ही स्वतःला आवरतो.”

आता माझी चूक. मी धरून चालले की हा थकव्याचा प्रश्न आहे: दिवसभराचे काम, त्यावर पाच-सहा तासांची एस.टी., रिकामे पोट आणि वर निवलेला भात. म्हणून, सगळेच सांगतात तसे, मीही सांगितले की कार्यालय उंबऱ्याबाहेर ठेवा, घरी आल्यावर पहिला तासभर कामाचा विषय काढू नका, हातपाय धुवा, जेवा, मगच बोला. दोन आठवड्यांनी बाईंनी त्या तासाचे वर्णन केले: “परीक्षेच्या हॉलमध्ये बसल्यासारखं वाटतं. ते घड्याळाकडे बघतात आणि आम्ही त्यांच्याकडे.” ज्या घराला आधीच ओरडण्याची धास्ती आहे, त्या घराला गप्प बसलेला माणूस शांत झालेला वाटत नाही, आता कशावरून बिनसले, याचाच अंदाज जो तो बांधू लागतो. एक तासाची शांतता संपली तेव्हा स्फोट झाला तो टॉवेल जागेवर नसल्यावरून. म्हणजे सल्ल्याने भात वाचला आणि टॉवेल सापडला, एवढाच फरक पडला.

मग मी सल्ला देणे थांबवले आणि त्यांना एक वही करायला सांगितली. घरी किती वाजता पोहोचलो, वाटेत काय झाले, घरात शिरताना मन कसे होते आणि नंतर काही खटका उडाला का, एवढेच प्रत्येक वेळी चार ओळींत लिहायचे. बँकेतला माणूस असल्यामुळे त्यांनी नोंदी चोख ठेवल्या. सहा आठवड्यांत ते सहा वेळा घरी आले, तीनदा शुक्रवारी आणि तीनदा शनिवारी. तिन्ही शुक्रवारी रात्रीच खटका उडाला होता. शनिवारच्या तीन नोंदींपैकी एकीत एस.टी. बंद पडल्यामुळे ते मध्यरात्रीनंतर पोहोचले होते, आणि तरीही त्या रात्री घरात भांडण नव्हते. उलट मुलीबरोबर बसून त्यांनी कॅरम खेळल्याचे लिहिले होते.

ही वही आम्ही तिघांनी, त्या दोघांनी आणि मी, मिळून वाचली तेव्हा सर्वांत जास्त गोंधळले ते स्वतः. जोडून दोन दिवस सुट्टीच्या आठवड्यात आपण घरी चांगले असतो आणि एका रविवारच्या आठवड्यात चिडचिडे, असे ते इतके दिवस मानत आले होते. प्रवास दोन्हीकडे सारखाच, थकवा शनिवारी उलट एका दिवसाने जास्त. मग शुक्रवारी वेगळे काय होते?

शुक्रवारी आढावा होता. दर शुक्रवारी संध्याकाळी सहा वाजता विभागीय कार्यालयाकडून सर्व शाखांची एकत्र फोनवर बैठक होई, आणि तीत ठेवी, वसुली आणि विम्याच्या पॉलिसींचे आकडे एकेका शाखेला सर्वांच्या समक्ष विचारले जात. साडेसहाची एस.टी. चुकली तर रात्रीचे हाल, म्हणून ते कानात इअरफोन घालून गाडीत बसत. दापोली ते खेड या वळणांच्या रस्त्यावर रेंज येते आणि जाते. त्यांच्या शाखेचा क्रमांक शेवटच्या काहींत असल्यामुळे नेमका तेव्हाच फोन तुटे. आपल्या शाखेविषयी काय बोलले गेले, आपण गप्प का असे कुणी विचारले का, की आपण मुद्दाम फोन ठेवला असे वाटले असेल, यातले काहीही न कळता ते पुढचे चार तास खिडकीशी बसून राहत, मनातल्या मनात उत्तरे देत, ती बदलत आणि पुन्हा देत. शनिवारी मात्र शाखेत गेल्यावर सहकाऱ्यांकडून सगळे कळलेले असे. बोलणी खाल्ली असली तरी ती खाऊन झालेली असत.

अपुरे काम मनाला चिकटून राहते, हे ब्लूमा झायगार्निक या संशोधिकेने बर्लिनमध्ये केलेल्या प्रयोगांतून 1927 साली मांडले होते. मध्येच थांबवलेली कामे लोकांना पूर्ण केलेल्या कामांपेक्षा अधिक आठवतात, असा तिचा निष्कर्ष होता. पुढच्या प्रयोगांत तो दर वेळी तसाच आला नाही, त्यामुळे त्याला नियम मानण्याचे कारण नाही. मला व्यवहारात अधिक उपयोगी पडते ते मॅसिकॅम्पो आणि बाउमायस्टर या मानसशास्त्रज्ञांचे 2011 मधले काम: अपुरे राहिलेले काम कधी आणि कसे पुरे करायचे याचा नेमका बेत केला, तर काम तसेच राहूनही त्याचे मनात घुसणे कमी होते. बैठक तुटली तर ती शुक्रवारी रात्री जोडता येणार नव्हती. पण सोमवारी कुणाला, किती वाजता, काय विचारायचे, हे ठरवता येणार होते.

म्हणून त्यांनी शाखेतून निघण्याआधीची दहा मिनिटे राखून ठेवली. वहीच्या एका पानावर मथळा ‘सोमवार’, खाली राहिलेले प्रत्येक काम, आणि त्याच्यासमोर फक्त पहिली पायरी: अमुक यांना फोन, तमुक फाइल टेबलावर. गाडीत फोन तुटला तर त्याच पानावर आणखी एक ओळ. हा उपाय दिसायला बाळबोध आहे आणि ते पहिल्यांदा हसलेही होते.

परंतु सगळा भार नोकरदाराच्याच मनावर टाकणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. कामाचे तास संपल्यावर, माणूस घरच्या वाटेला लागलेला असताना, त्याला सर्वांसमोर जाब विचारणे ही व्यवस्थेची चूक आहे. मन शांत करण्याच्या युक्त्यांनी ती बरोबर ठरत नाही. कामाच्या वेळेनंतर फोन न उचलण्याचा हक्क फ्रान्समध्ये 2017 पासून कायद्यात आहे. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी 2018 साली लोकसभेत तशा अर्थाचे खासगी विधेयक मांडले होते, पण त्याचा कायदा झाला नाही. तेव्हा विनंतीचाच मार्ग उरला. पहिल्या वेळी या गृहस्थांनी तोंडी विचारले आणि “बैठक सगळ्यांनाच लागू आहे” असे उत्तर मिळाले. दुसऱ्या वेळी त्यांनी लेखी दिले: आपले आकडे आपण शुक्रवारी चार वाजताच पाठवू, फक्त ज्या शाखांचे अधिकारी परगावी जातात त्यांचा क्रम आधी लावावा. तीन आठवडे काहीच झाले नाही, आणि मग एका शुक्रवारी त्यांच्या शाखेचे नाव दुसऱ्या क्रमांकावर पुकारले गेले. पत्राचे उत्तर मात्र अखेरपर्यंत आले नाही.

इथपर्यंत काम सरळ चालले होते. मग एका भेटीत मी त्यांना वसुलीविषयी सहज विचारले आणि ते बराच वेळ काही बोललेच नाहीत. त्यांच्याकडच्या थकीत कर्जांपैकी एक कर्ज एका हापूस बागायतदाराचे होते. मागचा हंगाम वाया गेल्यामुळे त्याचा हप्ता थकला होता आणि या वर्षी मोहोर चांगला येऊनही त्यावर थ्रिप्स पडली होती. फवारण्यांवर फवारण्या करूनही कीड हटत नव्हती आणि औषधांच्या दुकानातली उधारी वाढत होती. मार्चअखेर जवळ आल्यामुळे वसुलीसाठी यांना त्याच्या घरी जावे लागले. “त्यांनी मला ओटीवर बसवलं, कोकम सरबत दिलं, आणि स्वतःच माफी मागितली. मी करपलेला मोहोर डोळ्यांनी बघत होतो आणि तोंडाने हप्त्याची तारीख विचारत होतो.” तो दिवस शुक्रवारच होता. त्या रात्री मुलीने सहलीचे पैसे मागितले तेव्हा ते तिच्यावर ओरडले होते, “पैसे काय झाडाला लागतात?” वाक्य तोंडातून गेल्यावर ते त्यांना स्वतःलाच कसे ऐकू आले असेल, हे मी विचारले नाही.

रागाच्या खाली पुष्कळदा लाज असते, आणि ती रागापेक्षा सांगायला अवघड असते. वरिष्ठांनी अपमान केला हे माणूस एक वेळ घरी सांगतो. आपण दुसऱ्याशी जे वागलो ते आपल्याला आवडले नाही, हे सांगत नाही. त्या वाक्यानंतर आमच्या बोलण्याचा रोख बदलला. त्यांनी बागेची स्थिती लिहून, छायाचित्रे जोडून, कर्जाच्या हप्त्यांची फेरमांडणी व्हावी अशी टिपणी वर पाठवली आणि तसे त्या बागायतदाराला स्वतः फोन करून कळवले. मी हे लिहीत असेपर्यंत वरून निर्णय झालेला नाही.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धती कि. मो. फडके यांनी मराठीत रुजवली. तिचा गाभा असा की घटना थेट भावना निर्माण करत नाही. दोहोंच्या मध्ये आपली एक धारणा असते, आणि ती हट्टी असली तर भावना टोकाची होते. इंग्रजीत त्या हट्टासाठी निराळे क्रियापद शोधावे लागते. मराठीत एका ‘च’ने काम भागते. वहीतल्या तिन्ही शुक्रवारांखाली, मी विचारल्यावर, त्यांनी आपल्या मनातले वाक्य लिहिले होते: “निदान घरी तरी सगळं माझ्या मनासारखं झालंच पाहिजे.” आम्ही तो ‘च’ खोडला आणि उरलेले वाक्य मोठ्याने वाचले. मनासारखे व्हावे ही इच्छा राहिली, तिच्यात काही वावगे नाही. शाखेत एकही गोष्ट आपल्या हातात नाही म्हणून घरातली प्रत्येक गोष्ट आपल्या हातात हवी, ही वसुली मात्र त्या ‘च’मध्ये होती. ‘वसुली’ हा शब्द त्यांचा आहे, माझा नाही.

आता बाईंविषयी, कारण अशा कथांत पत्नी नुसती सोसणारी म्हणून उभी राहते आणि तिचा आठवडा कुणी विचारत नाही. मीही पहिल्या तीन भेटींत विचारला नव्हता. राज्य शासनाच्या कार्यालयांना फेब्रुवारी 2020 च्या अखेरीपासून पाच दिवसांचा आठवडा लागू झाला, पण शाळांना तो लागू नाही. त्यामुळे पती ज्या शनिवारी उशिरापर्यंत झोपत, त्या शनिवारी त्या पहाटे उठून, डबे करून सकाळच्या शाळेला जात. दोन शिक्षकी शाळा, पोषण आहाराच्या तांदळाचा हिशेब, ऑनलाइन भरायची माहिती, तिचे न उघडणारे संकेतस्थळ आणि संध्याकाळपर्यंत ती भरलीच पाहिजे असे ग्रुपवर येणारे निरोप. पती दापोलीला असताना सासूबाईंचे औषधपाणी, गॅसचा नंबर, मुलीची शिकवणी हे सगळे त्यांनी एका घडीत बसवले होते. शुक्रवारी रात्री घरात शिरणाऱ्या माणसाला ही घडी दिसत नाही; आपल्यावाचून काही अडत नाही, एवढेच दिसते आणि तेही खुपते. “त्यांचा वैताग मोठा आणि माझा लहान, हे आमच्या घरात ठरूनच गेलंय,” बाई त्यांच्यासमोर शांतपणे म्हणाल्या. त्यांनी ते नाकारले नाही. त्या दिवशी घरी जाताना दोघे बराच वेळ भाट्याच्या किनाऱ्यावर बसून होते, असे नंतर कळले.

त्यानंतर उंबऱ्याबाहेर काही ठेवण्याचा माझा पहिला सल्ला आम्ही रीतसर मागे घेतला. त्याऐवजी घरात शिरताना त्यांनी एक-दोन वाक्यांत सांगायचे की आज काय झाले आणि त्याचा घरातल्या कुणाशी संबंध नाही. सविस्तर बोलायचे असेल तर तेही चालेल, मात्र पाऊण तासाच्या आत संपवायचे; तोच अपमान पुन्हा पुन्हा उगाळला की मन मोकळे होत नाही, ऐकणाराही शिणतो. ऐकणाऱ्याने सुरुवातीलाच विचारायचे की नुसते ऐकू की काही सुचवू. आणि पाळी दोघांची. मुलीशी त्यांनी निराळे बोलायचे होते, ते त्यांनी शिमग्याला पालखी घरी आली त्या दिवशी केले. काय बोलले ते मला सांगितले नाही. सहलीचे पैसे भरले, एवढे सांगितले.

सगळे सुरळीत झाले असे नाही. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात ते घरी येऊच शकले नाहीत आणि फोनवर दोघांचे कडाक्याचे वाजले. आईंना अजूनही शुक्रवारी रात्री झोप येत नाही. लेकाच्या पावलांच्या आवाजावरून त्याचा रंग ओळखण्याची सवय इतक्या लवकर सुटणार नाही.

एप्रिलच्या दुसऱ्या शनिवारी ते दोघे आले तेव्हा आदल्या रात्रीची हकिगत सांगताना दोघांनाही हसू येत होते. बैठक लवकर आटोपली होती, सोमवारचे पान लिहून झाले होते आणि ते बऱ्या मनाने घरी पोहोचले होते. पण त्या दिवशी शाळेत पोषण आहाराच्या नोंदवहीवरून बाईंना फार बोलणी बसली होती आणि त्या ओट्याशी भांडी आदळत होत्या. त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि शिकवल्याप्रमाणे अदबीने विचारले, “नुसतं ऐकू, की काही सुचवू?”

“आधी भात गरम करून घ्या,” बाई म्हणाल्या, “मग सांगते.”